दुकानाच्या नावाची कांदा-लसूण चटणी: पाकीट कसं करावं

शेल्फपुढं उभ्या गिऱ्हाइकाला चटणी चाखता येत नाही. नावाजलेल्या ब्रँडवर त्याचा भरवसा आधीच असतो, दुकानाच्या पाकिटाला तो तिथल्या तिथं मिळवावा लागतो. म्हणून ब्रँडचे रंग आणि अक्षरांची ठेवण उचलू नका. नक्कल ओळखली की गिऱ्हाईक आतल्या मालावरही शंका घेतं, शिवाय कोर्टकचेरी मागं लागू शकते.

पुढच्या बाजूला दुकानाचं नाव, त्याहून मोठं ‘कांदा-लसूण चटणी’ आणि मालाबद्दल एक खरी ओळ, एवढंच. ‘उत्तम दर्जा’ सगळेच छापतात. ‘रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी’ म्हटलं की कोल्हापूरकराला आत कोणत्या मिरच्या आहेत ते कळतं. डंकावर कुटली असेल तरच तसं लिहा.

पारदर्शक खिडकीतून माल दिसतो, पण उजेडानं मिरचीचा रंग उडतो आणि महिन्याभरानं तीच खिडकी माल जुना दाखवते. खिडकी दोन बोटं रुंद, मागच्या बाजूला ठेवा.

सगळ्यात जास्त घात तेल करतं. कागदी लेबल तेलकट होतं, म्हणून प्लास्टिकचं स्टिकर घ्या. भरताना नरसाळं वापरा आणि वरची दोन सेंटीमीटर पट्टी कोरडी पुसूनच सील करा. तिथं चटणीचा कण अडकला तर सील धरत नाही. पहिली दहा पाकिटं रात्रभर वर्तमानपत्रावर पालथी ठेवा. डाग पडला तर मशीनची उष्णता आणि दाब पुन्हा जुळवा.

मागं घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, मुदत, पत्ता, तक्रारीचा फोन, १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना नंबर आणि शाकाहाराची हिरवी खूण. एक किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमचा भावही लागतो. समजा २०० ग्रॅम ९० रुपयांना, तर ग्रॅमला ४५ पैसे. हाच आकडा शेल्फच्या पट्टीवर ठळक लावा. ब्रँडचं पाकीट १८० ग्रॅमचं असेल, तर खरी तुलना इथंच होते.

छापील पाऊचला सहसा प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, लागतो आणि नंतरचा बदल महागात पडतो, त्यामुळं आधी कोऱ्या पाऊचवर दोन तऱ्हेची स्टिकरं लावून पन्नास-पन्नास पाकिटं करा. भाव आणि जागा तीच ठेवून एकेक आठवडा विका. सणाचा आठवडा धरू नका. पाकीट उचलून परत ठेवणारी गिऱ्हाइकंही मोजा.