उसातली हुमणी आणि मेटारायझियम: या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ, हातकणंगले, करवीर, कुठंही जा. ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडून हाताला अलगद उपटून यायला लागला की मगच मेटारायझियमची, म्हणजे हुमणीला मारणाऱ्या बुरशीची, चौकशी सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. मुळाशी सापडणारी जाडजूड, वेटोळं करून पडलेली पांढरी अळी म्हणजे हुमणी, तीही शेवटच्या अवस्थेतली. तिच्यावर बुरशी चालते, पण सावकाश; तेवढ्यात ती मुळं फस्त करते. बुरशीचा खरा हंगाम जून-जुलै. वळवानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, रात्री बाभळी-कडुनिंबावर जमतात आणि मातीत अंडी घालतात. त्यातून निघालेली कोवळी अळी बुरशीला लवकर बळी पडते.

पुडा फोडून भर उन्हात सरीवर भुरभुरणं ही दुसरी हमखास चूक. उन्हातले अतिनील किरण बीजाणू मारतात. हेक्टरी २० किलो, म्हणजे एकरी ८ किलो पावडर शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना मुळाजवळ द्यायची आणि लगेच मातीआड करायची. सुरू उसाला (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या) भरणीच्या, म्हणजे बुडाशी माती चढवायच्या, वेळी दिली तर वेगळी मजुरी लागत नाही. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच हवं. अर्धकच्च्या खताची ऊब बुरशीला मानवत नाही, शिवाय हुमणीची अंडी-अळ्या त्याच खतातून रानात येतात. म्हणजे औषधाबरोबर रोगही आपणच टाकायचा!

पुडा घेताना तारीख बघाच, पण तो दुकानात कुठं ठेवला होता तेही बघा. पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेल्या पुड्याकडून अपेक्षा ठेवणं म्हणजे उकळत्या दुधात विरजण घालून दही लागायची वाट बघणं.

बुरशीनाशकाबरोबर मिसळायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी घोळ होतो तो पंपात. काल मँकोझेब किंवा बोर्डोसारखं बुरशीनाशक मारलेला पंप नुसता विसळून आज त्यात बिव्हेरिया (किडी मारणारी दुसरी बुरशी) भरलं, तर फवारणी वाया. जैविकाचा पंप वेगळाच ठेवा. फवारणी संध्याकाळी, हवेत दमटपणा असताना करा.

“दोन दिवस झाले, अळी जिवंतच आहे,” ही तक्रार नेहमीची. बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतो, रुजतो, कातडी भेदून आत वाढतो. याला निदान आठवडा जातो, जमिनीत त्याहून जास्त. घाईनं वर रासायनिक आळवणी (मुळाशी औषध ओतणं) करण्याआधी चार ठिकाणी उकरून बघा. मेलेली अळी कडक झालेली आणि अंगावर हिरवी भुकटी असेल तर काम चालू आहे. कडक आहे पण भुकटी नाही? ओल्या कापसावर झाकणाच्या डबीत काही दिवस ठेवा, हिरवी पडली तर शंका मिटली. मऊ, काळी, घाण वास येणारी अळी बुरशीनं मेलेली नसते.

आजूबाजूला कुणाची रेशीमकिड्यांसाठी लावलेली तुती असेल तर बिव्हेरिया तिकडं फिरकूही देऊ नका. रेशीमकिड्यांना मारणारा ‘मस्कार्डिन’ रोग हिच्यामुळंच होतो. हा रोग बुरशीमुळं होतो हे इटलीच्या आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ साली मांडलं; ‘बिव्हेरिया बॅसियाना’ या नावातलं ‘बॅसियाना’ त्यांच्यावरूनच आलं. फवारणीआधी तुतीवाल्याला सांगा आणि वाऱ्याची दिशा बघा.