इनसोल बुटात आणि पाय फरशीवर: टाचदुखीतल्या या चुका टाळा

आईच्या टाचेसाठी मापाचे इनसोल करून घेतले, त्याला तीन महिने होऊन गेले तरी दुखणं जैसे थे. सकाळी पलंगावरून उतरली की पहिली दहा पावलं भिंतीला धरून. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, तरी एक साधी गोष्ट बघायची राहून गेली होती. एक दिवस दाराशी बसून तिच्या बुटातले इनसोल बाहेर काढले. बोटांचा ठसा नाही, टाचेखालचा भाग कोरा करकरीत. ते बूट ती फक्त संध्याकाळी अर्धा तास फिरायला जाताना घालायची. बाकी सगळा दिवस ओट्यापाशी उभी, अनवाणी, टाइल्सवर.

इनसोल लागू न पडण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं. इनसोल बुटात, बूट दाराबाहेर, पाय घरात. पादत्राणं दारात काढण्याची आपली सवय चांगलीच आहे, ती मोडू नका. फक्त घरासाठी वेगळी जोडी ठेवा, जी उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही: जाड पण फार लिबलिबीत नसलेला तळ, टाच किंचित उंच, मागे पट्टा. मापाचा आधार सँडलच्या तळातही बसवून मिळतो, पण ते माप देतानाच सांगावं लागतं. आईला स्वयंपाकघरात चप्पल पटेना, कारण देवघर तिथेच. मग ओट्यापुढे जाड मॅट टाकली आणि बाकी घरात सँडल.

हे दुखणं नेमकं कशाचं, तेही सांगते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक जाड पट्टा जातो, प्लान्टर फॅशिया. पायाची कमान तो धरून ठेवतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला ताण बसून कळ येते. थोडं चाललं की सैल पडतो, म्हणून लोक अंगावर काढतात. बहुतेकांचं हे दुखणं शस्त्रक्रियेविना वर्षभरात बरं होतं. पण इतका धीर धरवत नाही, आणि तिथूनच पुढच्या चुका सुरू होतात.

एक्स-रे काढला की टाचेला हाडाचा काटा दिसतो आणि माणूस घाबरतो. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही तो काटा असतो. दुखणं जातं तेव्हाही तो बहुधा तिथेच राहतो. त्याला काढून टाकायच्या मागे लागू नका. स्टिरॉइडचं इंजेक्शनही परत परत घेऊ नका. पट्टा कमकुवत होऊ शकतो, टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते.

पैशाच्या बाबतीत मी स्पष्टच बोलते. साध्या टाचदुखीत आधी चांगल्या आधाराचे तयार इनसोल वापरून बघा. मापाच्या महागड्या जोडीचा फायदा तयार जोडीपेक्षा फारसा जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. मापाची जोडी खरी लागते ती पायाचा आकार बदललाय, आमवात आहे किंवा मधुमेहाने तळव्याची जाणीव गेली आहे, अशांना. मोठेपणी एकाच पायाची कमान ढासळत असेल आणि त्या एका पायावर उभं राहून टाच उचलता येत नसेल, तर त्यांनाही. मशीनवर उभं करून दाखवलेलं रंगीत चित्र म्हणजे दाबाचा नकाशा; तेवढ्यावर निदान होत नाही. जाणकार ऑर्थोटिस्ट, म्हणजे असे मापाचे आधार बनवणारा तज्ज्ञ, घोटा हलवून बघतो, पोटरी किती आखडली आहे ते तपासतो, चालायला लावतो आणि तुमची जुनी चप्पल मागतो. ती झिजलेली चप्पल बरोबर न्याच. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी आहे का, हेही निःसंकोच विचारा.

नवी जोडी मिळाल्यावर बुटातला मूळचा तळ काढायचा असतो. तो तसाच ठेवून वर इनसोल घातला की टाच बुटातून निसटते. पहिल्या दिवशी एकच तास घाला, मग रोज थोडं वाढवत दोन आठवड्यांत दिवसभरावर या. एकदम दहा तास घालून पोटऱ्या भरून येतात, मग ‘सोसत नाही’ म्हणत जोडी माळ्यावर जाते. एखादी जागा लाल होत असेल, घट्टा पडत असेल, तर परत न्या. तेवढा भाग घासून दुरुस्त करता येतो.

इनसोल भार हलका करतो, ताकद मात्र व्यायामानेच येते. उठण्याआधी पलंगावर बसूनच पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढा, दहा अंक मोजा, असं दहा वेळा. नंतर पायरीच्या कडेवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, तीन सेकंदांत टाचा वर, दोन सेकंद थांबून तीन सेकंदांत खाली. हे एक दिवसाआड, आधाराला कठडा धरून.

मधुमेह असेल तर गरम पाण्यात पाय शेकू नका. जाणीव गेलेल्या पायाला चटका कळत नाही, फोड आलेला संध्याकाळी दिसतो. अशा पायांसाठी एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या तळाची पादत्राणं मिळतात.

एकच पोटरी अचानक सुजून गरम झाली, तर इनसोलचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्ताची गुठळी असू शकते. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, असं असेल तर पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. लहान मुलांचे सपाट पाय दुखत नसतील तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही.

आईला बरं वाटायला आणखी चार महिने लागले. घरातल्या सँडलचा तळ काळवंडून टाचेपाशी चेपला होता, तो मागच्या आठवड्यात बदलून आणला.