बारावीच्या मुलांचे प्रवेश-फॉर्म: इंदूरच्या घरांसाठी

कॉलेजांची यादी नंतर करा. आधी मुलाची दहावीची मार्कशीट, आधार आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) टेबलावर शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर वाचा. मराठी घरांत घोळ इथेच होतो. मार्कशीटवर ‘आदित्य काळे’, आधारवर मधे वडिलांचं नाव घालून ‘आदित्य सुनील काळे’, समग्रमध्ये हिंदी वळणाने ‘काले’. आईचं आडनाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. पाया दहावीच्या मार्कशीटचा धरा. बोर्डाकडून ती बदलून आणणं सगळ्यांत वेळखाऊ, म्हणून बाकीचे कागद तिच्याप्रमाणे करून घ्यायचे. आधी आधार, मग समग्रचं ई-केवायसी, कारण समग्र आधाराशीच ताडलं जातं. हे दिवाळीपर्यंत उरकावं; जानेवारीच्या जेईई मेनचा (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा) फॉर्म त्याच सुमारास निघतो.

मूल निवासी दाखला (मध्य प्रदेशचं डोमिसाइल) लोकसेवा केंद्रातून आधीच काढून ठेवा. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि ओबीसी नॉन-क्रीमीलेअरची गोष्ट निराळी. केंद्रीय काउन्सेलिंगला (जागावाटपाला) हे दाखले चालू वर्षाच्या 1 एप्रिलनंतरचे लागतात, त्यामुळे डिसेंबरात हौसेने काढलेला कागद जूनमध्ये चालत नाही. शिवाय राज्याच्या ओबीसी यादीतली जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. उत्पन्नाचा दाखलाही जोडीला काढा. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेला तो लागतो. बारावीच्या गुणांची अट एमपी बोर्डाला 70 टक्के, सीबीएसईला 85.

प्रत्येक कॉलेजचं दार वेगळं आहे, हे मुलांच्या लक्षात येत नाही. होळकर सायन्ससारखी सरकारी कॉलेजं ई-प्रवेश पोर्टलवरून. एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज आणि डीएव्हीव्हीची (देवी अहिल्या विद्यापीठाची) इंजिनिअरिंग शाखा आयईटी, इथे बीटेकला जेईई मेन, मग डीटीईचं (राज्याच्या तंत्रशिक्षण खात्याचं) काउन्सेलिंग. आयआयपीएससारख्या डीएव्हीव्हीच्या विभागांना सीयूईटी, म्हणजे विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या आयपीएमला (बारावीनंतरच्या मॅनेजमेंट कोर्सला) स्वतंत्र आयपीमॅट परीक्षा. एक फॉर्म भरला म्हणजे बाकीचे आपोआप झाले, असं होत नाही.

सीयूईटीत जास्तीत जास्त 5 पेपर घेता येतात. ‘सोपे वाटतात’ म्हणून विषय निवडू नका. हव्या असलेल्या कोर्सच्या पात्रतेचं पान उघडून तिथले विषय जसेच्या तसे घ्या. कोर्सला जनरल टेस्ट लागते आणि ती दिलेली नाही, तर बारावीला 95 टक्के असूनही नाव यादीत येत नाही.

सर्वांत जास्त जागा हातच्या जातात त्या चॉइस फिलिंगमध्ये, म्हणजे काउन्सेलिंगला कॉलेज-ब्रँचची पसंतीक्रमाने यादी भरताना. पालक म्हणतात, ‘जे मिळेल ते वर टाक.’ नेमकं उलटं करायचं. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली मिळण्याजोगी दिसते ती देऊन थांबतो. म्हणून सर्वांत हवी ती ब्रँच सर्वांत वर, मिळण्याची आशा कमी असली तरी. तिने खालच्या पसंतीचं काहीच बिघडत नाही. खात्रीची कॉलेजं तळाशी असावीत. फक्त पाच-सहा चॉइस भरून लॉक केलं (यादी पक्की केली) की पहिल्या फेरीत हात रिकामे राहतात. जिथे मिळालं तरी जाणारच नाही, ते कॉलेज यादीत घालूच नका. लॉक करण्यापूर्वी यादी कागदावर लिहून एकदा मोठ्याने वाचावी.

‘पुण्याला काकांकडे राहील’ हा बेत असेल तर आधी डोमिसाइल बघा. दहावी-बारावी इंदुरात झालेल्या मुलाला, आई-वडिलांपैकी कुणाकडे महाराष्ट्राचं डोमिसाइल नसेल, तर इंजिनिअरिंगच्या अखिल भारतीय जागांवरच जावं लागतं आणि तिथे जेईई मेनचे गुण धरतात. मध्य प्रदेशच्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या कोट्यात आरक्षण मिळत नाही. मराठी आडनावाने यात काही फरक पडत नाही.

जागा मिळाल्यावर फी दिलेल्या तारखेच्या आत भरायची. शेवटच्या संध्याकाळी सर्व्हर रडतो, दोन दिवस आधी भरा. मूळ कागद तपासून परत घ्या. यूजीसीच्या 2018 च्या नियमानुसार ते ठेवून घेता येत नाहीत.

आणि फॉर्म एमपी ऑनलाइनच्या (ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या) दुकानात भरलात तर दुकानदाराचा मोबाइल आणि ईमेल घालू देऊ नका. ओटीपी तिकडे जातो, अलॉटमेंटचा मेसेजही तिकडेच, आणि रविवारी त्याचं दुकान बंद असतं.