ह्यूज पेज: आकडा काढायचा कसा, नोंदवायचा कसा

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरी सहसा ४ केबीच्या पानांत मोजतो. म्हणजे १ जीबीला २,६२,१४४ पानं आणि प्रत्येकाचा वेगळा सातबारा. प्रोसेसरमधला टीएलबी, म्हणजे कोणतं पान मेमरीत कुठे आहे हे लक्षात ठेवणारा छोटा तक्ता, ही तलाठ्याच्या खिशातली वही. तिच्यात हजार-दोन हजार उतारे मावतात, बाकीच्यासाठी दप्तर उघडावं लागतं. तेच रान २ एमबीच्या तुकड्यांत पाडलं की उतारे उरतात ५१२. अशा मोठ्या पानाला म्हणतात ह्यूज पेज.

समजा, मोंढ्यातल्या आडतीचा हिशेब १६ जीबीच्या मशीनवर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे आणि त्याचे शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटा हाताशी ठेवायची सामाईक मेमरी, ४ जीबी आहेत. आधी कर्नलची मेमरीची माहिती देणारी फाइल /प्रॉक/मेमइन्फो उघडून ह्यूजपेजसाइझ पाहा (नावं इथे उच्चाराप्रमाणे आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं). एक्स८६ वर २०४८ केबी दिसेल. ६४ केबी पानांच्या आर्म कर्नलवर हाच आकडा ५१२ एमबी असतो, म्हणून गृहीत धरू नका.

४ जीबी भागिले २ एमबी, २०४८ पानं. बहुतेक जण इथेच फसतात. पोस्टग्रेसला बफर्सशिवायही शेअर्ड मेमरी लागते, त्यामुळे २०४८ कमी पडतात. पोस्टग्रेसमधली ह्यूज_पेजेसची सेटिंग मुळात 'ट्राय' (जमलं तर वापर) असते, म्हणून तो तक्रार न करता ४ केबीवर उतरतो. राखीव ४ जीबी पडीक राहतात, वर साध्या मेमरीतून आणखी ४ जीबी जातात. राखीव पानं दुसऱ्या कामाला येत नाहीत, स्वॅपलाही (मेमरी कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) जात नाहीत. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १५ पासून सर्व्हर बंद ठेवून पोस्टग्रेस कमांडच्या -सी (मोठा सी) पर्यायाने शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस विचारलं की नेमका आकडा मिळतो. त्यात थोडी भर घाला, इथे २२०० धरू. ह्यूज_पेजेसची सेटिंग 'ऑन' करा. पानं कमी पडली तर सर्व्हर सुरूच होणार नाही, आणि तेच बरं.

आता किती पानं राखायची ते सांगणाऱ्या व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस या कर्नल सेटिंगमध्ये २२०० लिहा आणि लगेच तोच आकडा परत वाचा. बरेच दिवस चालू असलेल्या मशीनवर मेमरीचे तुकडे झालेले असतात. कर्नल सापडतील तेवढीच पानं देतो आणि एररही दाखवत नाही. १७०० दिसले तर मोकळे तुकडे एकत्र करायला /प्रॉक/सिस/व्हीएम/कॉम्पॅक्ट_मेमरी मध्ये १ लिहून पुन्हा प्रयत्न करा, नाहीतर सरळ रीबूट. १ जीबीची पानं हवी असतील तर ती बूटच्या ओळीतच (मशीन सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) मागा, नंतर सलग जागा क्वचितच मिळते.

चालू मशीनवर दिलेला आकडा रीबूटनंतर राहत नाही. उन्हाळ्यात वीज गेली, यूपीएसने मान टाकली, की सकाळी तिथे शून्य. म्हणून तो /ईटीसी/सिससीटीएल.डी मधल्या फाइलीत हवाच.

पोस्टग्रेस सुरू झाल्यावर मेमइन्फोमधला ह्यूजपेजेस_फ्री फारसा घटला नाही म्हणून घाबरू नका. पोस्टग्रेससाठी धरलेली पानं प्रत्यक्ष हात लागेपर्यंत फ्रीमध्येही मोजली जातात आणि रिझर्व्ह्डमध्ये (ह्यूजपेजेस_आरएसव्हीडी) दिसतात. खरी मोकळी पानं म्हणजे फ्री वजा रिझर्व्ह्ड.

ट्रान्सपरंट ह्यूज पेज हा वेगळा मामला. तो कर्नल आपणहून जुळवतो आणि अ‍ॅनॉनह्यूजपेजेस मध्ये मोजला जातो. डेटाबेसच्या मशीनवर तो 'एमअ‍ॅडव्हाइज'वर (जो प्रोग्रॅम मागेल त्यालाच) ठेवावा.

सर्व्हरच्या नोंदवहीत नुसतं '२२००' लिहू नका. असं लिहा: 'पान २ एमबी, २२०० नग, एकूण ४४०० एमबी राखीव, कारण शेअर्ड बफर्स ४ जीबी, ते बदलले की आकडा नव्याने काढणे.' शेजारी कर्नलची आवृत्ती, फाइलीचं नाव आणि रीबूटनंतर तपासल्याची तारीख.