समुद्राचा बायोमास पिरॅमिड कसा काढायचा (उलटा आला तर पुसू नका)

भाचीच्या शाळेत प्रदर्शन आहे, तिला विषय आला समुद्र, आता पोरीनं आमच्या नागपूरच्या अंबाझरी तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही, पण असो. बर्डीच्या बाजारातून कार्डशीट आणली अन् बसलो दोघं. बायोमास पिरॅमिड म्हणजे सजीवांच्या वजनाच्या पट्ट्या एकावर एक, खाली स्वतः अन्न तयार करणारे उत्पादक, वर त्यांना खाणारे; सहसा खालची पट्टी मोठी असते. तुम्हालाही करायचं असेल तर असं करा.

आधी आकडे. 2018 मध्ये बार-ऑन, फिलिप्स अन् मायलो या शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या सगळ्या जीवांचं वजन मांडलं, ते नुसत्या कार्बनचं आहे, ओलं वजन नाही, हे कोपऱ्यात लिहाच नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील. समुद्रात उत्पादक, म्हणजे मुख्यतः वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणारे, उन्हावर अन्न बनवणारे बारीक जीव), साधारण 1 गिगाटन, म्हणजे 100 कोटी टन. खाणारे सगळे मिळून 5, त्यात बॅक्टेरियाही आले, मासे जेमतेम 0.7. स्केल ठेवा गिगाटनाला 2 सेंटीमीटर. खालची पट्टी 2 ची, वरची 10 ची. भाची म्हणे, मामा चुकलं, खोडरबर दे.

चुकलं नाही बे. सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर पहा, परातीत पोहे वीसेक प्लेटांचे अन् भोवती पन्नास माणसं उभी, त्या क्षणी फोटो काढला तर माणसांचंच वजन जास्त भरेल, तरी कोणी उपाशी जात नाही, कारण मागून पातेलं उतरतच राहतं. प्लवकाचं तसंच. एक-दोन दिवसात दुप्पट होतं अन् लगेच खाल्लंही जातं, म्हणून हातात दिसतं 1 गिगाटन पण वर्षभरात तयार होतं जवळपास 50. मासे मात्र वर्षानुवर्षं जगतात, त्यांचं वजन साठत जातं.

म्हणून बाजूला दुसरा पिरॅमिड काढा, वर्षभराच्या ऊर्जेचा, तो कधीच उलटा येत नाही. खाली 10 सेंटीमीटर, मग 1, मग 1 मिलिमीटर, पुढचा पेन्सिलनं काढताच येत नाही. दर पायरीला साधारण दहा टक्केच ऊर्जा वर जाते, हा हिशेब लिंडमन या पर्यावरणशास्त्रज्ञाच्या 1942 च्या कामावरून आला, प्रत्यक्षात कमी-जास्त होतो.

तुलनेला जमीनही घ्यायची ठरवली, त्याच स्केलवर. खाणारे 20 गिगाटन, 40 सेंटीमीटर, जमलं. झाडंझुडपं 450, म्हणजे पट्टी 9 मीटर, पेपरच्या पट्ट्या जोडत जोडत हॉलमधून स्वयंपाकघरात अन् तिथून गॅलरीत गेलो, ताई ओरडली, शेवटी गुंडाळी करून शीटला टाचली.