म्यूझस्कोअरचा आवाज थेट रीपरमध्ये घेताना
मॅकवर म्यूझस्कोअर ४ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमधली रचना वाजत असतानाच तिचा आवाज रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रित करायचा असेल, तर ब्लॅकहोल हा मोफत आभासी ऑडिओ ड्रायव्हर मधली तार म्हणून वापरावा. दोन चॅनेलची आवृत्ती पुरते. (रचना पूर्ण झाली असेल, तर सरळ वेव्ह फाइल काढणेच सोयीचे, ही खटपट लिहिता लिहिता ऐकणाऱ्यांसाठी आहे.)

म्यूझस्कोअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ डिव्हाइस म्हणून ब्लॅकहोल निवडावे. रीपरमध्ये इनपुट तेच, पण आउटपुट हेडफोनचे ठेवावे. हे कटाक्षाने पाळावे, कारण आउटपुटही ब्लॅकहोलकडे गेले आणि ट्रॅकचे मॉनिटरिंग (आत येणारा आवाज लगेच बाहेर ऐकवणे) चालू असले, तर तोच आवाज फिरून फिरून आत शिरतो आणि क्षणार्धात कानठळ्या बसतील इतका चढतो. पहिल्या वेळी हेडफोन कानांवरून उतरवूनच वाजवून पाहावे.

ब्लॅकहोल आणि हेडफोन यांची घड्याळे (आवाजाचे नमुने मोजण्याची गती) वेगळी असल्याने लांब रचनेत मधूनच टकटक ऐकू येऊ शकते. त्यासाठी मॅकच्या ऑडिओ मिडी सेटअप या अ‍ॅपमध्ये दोघांचे अ‍ॅग्रिगेट (म्हणजे एकत्र जोडलेले) डिव्हाइस करून, दोन्हींचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) ४८,००० हर्ट्झ ठेवून, ज्याचे घड्याळ मुख्य नाही त्याच्यापुढे ड्रिफ्ट करेक्शनची (घड्याळांतला फरक भरून काढण्याची) खूण करावी आणि रीपरमध्ये हेच डिव्हाइस निवडावे. यादीत ब्लॅकहोल पहिले असेल, तर हेडफोनचे आउटपुट १-२ नव्हे, ३-४ असते, आणि नेमके इथेच बहुतेकांचे चुकते. बफर (एका वेळी हाताळायचे नमुने) १०२४ ठेवला तरी एका बफरचा विलंब सुमारे २१ मिलिसेकंदांचाच होतो. सोबत कोणी प्रत्यक्ष वाजवत नसेल, तर तो मुळीच खटकत नाही.