अर्थ सायन्सचं पहिलं सेमिस्टर: मार्क इथे जातात, या चुका टाळा

पहिल्या वर्षाला अर्थ सायन्स (पृथ्वीविज्ञान) किंवा एन्व्हायर्नमेंटल सायन्स घेतलेल्या मुलांचे पेपर बघितले की कळतं, अभ्यास झालेला असतो. वातावरण, जलावरण, शिलावरण, जीवावरण चारही धडे पाठ असतात, पण एका धड्यातला कार्बन दुसऱ्या धड्यात कसा जातो असं विचारलं की सगळं अडतं. म्हणून आधीच सांगते, कुठलाही प्रश्न आला तरी तीन गोष्टी शोधा: काय हलतंय, किती हलतंय आणि किती वेळात. खालच्या बहुतेक चुका यातलं एक सुटल्यामुळेच होतात.

साठा आणि प्रवाह एकच समजणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि चांगली मुलंसुद्धा करतात. २०२० मध्ये लॉकडाउनमुळे जगाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन साधारण ५ टक्क्यांनी घटलं, मग हवेतलं प्रमाण वाढलं की घटलं? निम्मा वर्ग घटलं लिहितो. पण ते वाढलंच. आपल्या गोव्यातलं साळावली धरण डोळ्यापुढे आणा, पाऊस जरा ओसरला आणि वरून येणारं पाणी कमी झालं, तरी जाणाऱ्या पाण्यापेक्षा येणारं पाणी जास्त आहे तोवर पातळी चढतच राहणार. उत्सर्जन म्हणजे येणारं पाणी, पीपीएम (हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे किती) म्हणजे पातळी, आणि ५ टक्के कमी म्हणजे ९५ टक्के चालूच होतं ना.

आता हे आकड्यात करून बघा कारण परीक्षेत तेच येतं. माणसाचं उत्सर्जन वर्षाला सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड, त्यातला निम्म्याहून थोडा कमी हवेत राहतो, बाकीचा समुद्र आणि झाडं-माती घेतात. म्हणजे हवेत उरले १८ ते २० अब्ज टन. हवेत १ पीपीएम वाढायला ७.८ अब्ज टन लागतात, भागाकार केला की अडीचच्या आसपास येतं, आणि हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा ग्राफ हल्ली वर्षाला साधारण तेवढाच चढतोय. स्वतःच्या वहीत केलेलं गणित खऱ्या ग्राफला जाऊन भेटतं तेव्हा हा विषय समजायला लागतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे गणित कॅल्क्युलेटरवर नको, हाताने करा.

उत्तर ८-९ पीपीएम आलं तर घाबरू नका, तुम्ही कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलाय. १ पीपीएम म्हणजे २.१३ अब्ज टन कार्बन, पण ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. दोन्हीत ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ पटीचा फरक. पुस्तकात कधी हे असतं कधी ते, त्यामुळे आकड्यापुढे नुसतं टन लिहू नका, कशाचे टन तेही लिहा.

तोच ग्राफ वाचताना आणखी एक होतं. रेषा दरवर्षी मे महिन्यात वर जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला खाली येते, आणि मुलं लिहितात उन्हाळ्यात गाड्या आणि एसी जास्त चालतात म्हणून. नाही हो. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, झाडं जास्त, ती तिथल्या उन्हाळ्यात वाढताना कार्बन ओढतात आणि थंडीत सोडतात, त्याची ती लाट आहे. माणसाचा हात दिसतो तो लाटेखालच्या चढात, १९५८ ला मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आता ४२० च्या वर.

"पाण्याची वाफच सगळ्यात मोठा ग्रीनहाउस गॅस आहे, मग कार्बनच्या मागे का लागायचं?"

वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा नाही, आणि का नाही ते किती वेळात या प्रश्नात आहे. हवेत कुठल्याही क्षणी साधारण १३ हजार घन किलोमीटर पाणी असतं आणि पृथ्वीवर वर्षाला सुमारे ५ लाख घन किलोमीटर पाऊस पडतो. साठ्याला प्रवाहाने भागा, ०.०२६ वर्ष, म्हणजे ९-१० दिवस. जास्तीची वाफ हवेत सोडली तरी दोन आठवड्यांत ती पाऊस होऊन खाली. कार्बन डायऑक्साइडची वाढ मात्र शेकडो वर्षं टिकते, तिच्यामुळे हवा तापते, आणि १ अंश तापलेली हवा सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. वाफ तापमान वाढवते खरी, पण ती कार्बनच्या मागून येते.

फीडबॅकची चिन्हं

बर्फ आणि अल्बेडोचं (ऊन परावर्तित करण्याच्या क्षमतेचं) लूप काढायला सांगितलं की बाण बरोबर येतात, नाव चुकतं. तापमान वाढलं की बर्फ घटतो (उणे), बर्फ घटला की परावर्तन घटतं (अधिक, कारण दोन्ही एकाच दिशेला गेले), परावर्तन घटलं की शोषलेलं ऊन वाढतं (उणे), ऊन वाढलं की तापमान वाढतं (अधिक). दोन उणे दिसले म्हणून मुलं निगेटिव्ह फीडबॅक लिहून मोकळी होतात. उणे मोजा, सम संख्या आली तर पॉझिटिव्ह (बदल स्वतःला वाढवतो), विषम आली तर निगेटिव्ह (बदल स्वतःला आवरतो). आणि पुढचा प्रश्न हमखास असतो, मग पृथ्वी तापतच का जात नाही? कारण तापलेली वस्तू तापमानाच्या चौथ्या घाताने ऊर्जा बाहेर टाकते, तो मोठा निगेटिव्ह फीडबॅक बाजूला कायम चालू असतो.

लाख, कोटी आणि आपले दगड

इंग्रजी पुस्तकातले मिलियन-बिलियन मराठीत आणताना शून्य पडतात. पृथ्वीचं वय ४.५४ बिलियन म्हणजे ४५४ कोटी वर्षं, ४५ कोटी नाही. दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६६ मिलियन म्हणजे ६.६ कोटी वर्षं. आणि इथेच गोव्यातल्या मुलांची खास चूक येते, सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट असं सरसकट लिहितात कारण मराठी भूगोलाच्या पुस्तकात महाराष्ट्राचा सह्याद्री असतो. आपल्याकडे बेसॉल्ट ईशान्येला सत्तरीच्या बाजूला थोडा आहे, बाकी गोवा बहुतेक धारवाडी खडक आणि नाईसचा (दोन्ही फार जुने रूपांतरित खडक), अनमोड घाटातला नाईस तर ३०० कोटी वर्षांहून जुना. त्यावर जांभा, ज्याचे आपण चिरे काढतो, तो भूगर्भाच्या हिशोबात अलीकडचा.

पटकन सांगण्यासारखं थोडं. ओझोनचा थर विरळ होणं आणि जागतिक तापमानवाढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ओझोनला सीएफसी वायू भोवले आणि त्यावर १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला. तरंगता समुद्री बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, जमिनीवरचा बर्फ वितळून आणि पाणी तापून फुगल्यामुळे वाढते. ऋतू अक्षाच्या कलामुळे होतात, सूर्य जवळ आल्यामुळे नाही, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीत असते.

एका वर्षावरून क्लायमेट सांगणं

२०२५ ला मान्सून केरळात २४ मेला पोचला, नेहमीची तारीख १ जून. लगेच असाइनमेंटमध्ये "हा हवामानबदलाचा पुरावा". एक तारीख हे वेदर आहे, क्लायमेट म्हणायला ३० वर्षांची सरासरी लागते, सध्या १९९१ ते २०२० ची धरतात. हवामानबदल खोटा आहे असं मी म्हणत नाही, तो खरा आहे आणि गंभीर आहे, म्हणूनच त्याच्यासाठी कच्चा पुरावा देऊ नका, कोणीतरी तो एका मिनिटात खोडतो आणि खरं म्हणणंसुद्धा वाया जातं.

फील्ड रिपोर्ट

मांडवीच्या पाण्याची क्षारता दोन ग्रुपनी एकाच धक्क्यावर मोजली आणि आकडे जुळले नाहीत की मीटरला दोष दिला जातो. आधी भरती होती का ओहोटी ते बघा. मग महिना बघा, मे महिन्यात खारं पाणी नदीत खूप आतपर्यंत चढलेलं असतं आणि जुलैत वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं. मग खोली, कारण पावसाळ्यात हलकं गोडं पाणी वर आणि जड खारं पाणी खाली असं असू शकतं, एकाने बादली वर बुडवली आणि दुसऱ्याने बाटली खाली सोडली तर दोघांचाही आकडा बरोबर असतो. तारीख, वेळ, भरतीची स्थिती, खोली आणि पाण्याचं तापमान एवढं तिथेच उभं राहून पेन्सिलीने वहीत लिहा, घरी जाऊन आठवून लिहिलेलं चालत नाही. आणि एवढं सगळं जुळूनसुद्धा आकडे वेगळेच आले तर मग क्षारता आधीच माहीत असलेल्या द्रावणात मीटर बुडवून तपासा.